परसातला गलांडा : लाड कमी, ऊन जास्त

मृग नक्षत्र आता पंधरवड्यावर आले आहे. या दिवसांत पारावर बाजरीचे वाण, कांद्याचे रोप आणि विहिरीचे पाणी याच गप्पा चालतात. पण आमच्यासारखा शेतीखात्याचा माणूस गावात दिसला, की बाजरीचे बोलून झाल्यावर एखादी मावशी नाहीतर वहिनी उंबऱ्यातून हमखास विचारते, "साहेब, दारापुढं लावायला एखादं फूल सांगा की. पाणी कमी लागंल असं." गेली काही वर्षे या प्रश्नाला माझे एकच उत्तर असते, गलांडा लावा.

गलांडा आपल्याला नवा नाही. बाजारात त्याला गलांडा म्हणतात, कोणी गलाटा म्हणते, नर्सरीच्या पाटीवर गेलार्डिया लिहिलेले असते. लाल पाकळी आणि टोकाला पिवळी झालर, हे त्याचे ओळखीचे रूप. नुसता पिवळा, नुसता तांबडाही मिळतो. दसरा-दिवाळीला झेंडूच्या ढिगाशेजारी त्याची एक लहान रास असते. हारवाले हार भरायला ती नेतात. झेंडूला मान आहे, शेवंतीला भाव आहे, गलांड्याकडे कोणी फारसे बघत नाही. पण पारनेर, नगर तालुक्यातल्या बरड, मुरमाड जमिनीत, जिथे पाऊस डोंगराच्या अलीकडे येता येता दमून जातो, तिथे परसात लावायला याच्याइतके सोयीचे फूल मला तरी माहीत नाही.

मात्र तो कसा लावायचा हे मी पदविकेच्या पुस्तकात शिकलो नाही. एका आजींच्या परसात शिकलो, आणि तेही आधी त्यांचे नुकसान करून. ते आधी सांगतो.

२०१७ साली मी या भागात नवा होतो. नवीन माणसाला सगळे एकदम करून दाखवायची घाई असते, तशी मलाही होती. एका वस्तीवर या आजी राहतात. त्यांचे नाव इथे देत नाही, पेपरात नाव आलेले त्यांना आवडणार नाही. मालक वारलेले, मुलगा मुंबईला, घरी त्या आणि नात. घरामागे मोरीचे पाणी वाहून एक डबकेवजा जागा झालेली. माझ्या मनात लगेच हिशेब जुळला. पाणी वाया चालले आहे, जागा आहे, आजींना चार पैसे हवे आहेत. मी म्हणालो, "आजी, इथं गलांडा लावू. चाळीस रोपं देतो. मोरीचं पाणी फुकटात मिळतंय."

आजींनी एकदा डबक्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितले. म्हणाल्या, "दादा, मोरीच्या पाण्यावरचं फूल देवाला कसं वाहू?"

मी हसलो. पाणी जमिनीत मुरते, मुळे त्यातले अन्न तेवढे घेतात, फुलात काही मोरी उतरत नाही, असे शास्त्र समजावून सांगितले. आजी गप्प बसल्या. साहेब सांगतोय म्हटल्यावर लावली रोपे. मी वर आणखी दोन घमेली शेणखत आणि वाटीभर युरिया टाकायला लावला, म्हणजे काम पक्के.

श्रावणात रोपे अशी तरारली की विचारू नका. गुडघ्याच्या वर गेली, पाने हिरवीगार, मऊ लुसलुशीत. मी दोघा-तिघांना नेऊन दाखवली. फूल मात्र नाही. भाद्रपदात कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला, झाडे आडवी पडली आणि परतीच्या पावसात बुडख्यापाशी काळी पडून एकेक करून मरायला लागली. उपटून बघितले तर मुळांची साल हातात निघून आली. चाळीसमधली सत्तावीस गेली. जी तेरा राहिली ती सगळी कडेची, उंचवट्यावरची, जिथे मोरीचे पाणी पोहोचतच नव्हते. त्यांनीच तेवढी दसऱ्याला फुले दिली.

पैसे माझे नव्हते, रोपांचे थोडके होते. पण चार महिने एका म्हाताऱ्या बाईने वाकून खुरपले, ते कुठे भरून द्यायचे? आजी रागावल्या नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले.

आता यात चुकले काय काय, ते बघू. कारण या चुका मी एकट्यानेच केलेल्या नाहीत. आजही दहा परसांतल्या सहा-सात परसांत गलांडा मरतो तो याच कारणांनी.

पहिली गोष्ट पाण्याची. गलांडा मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गवताळ, रेताड माळरानांवरचा. तिथल्या ओक्लाहोमा राज्याने १९८६ साली त्याला आपले राज्याचे रानफूल ठरवले. तिथे त्याला कांबळफूल अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, तिथल्या मूळ रहिवाशांच्या रंगीत विणीच्या कांबळ्यांवरून. माळावर वाढलेल्या या झाडाची मुळे हवा मागतात. जमिनीत पाणी साचून राहिले की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, आणि अशा दुबळ्या मुळांवर जमिनीतल्या बुरश्या चढतात. शेतात मर म्हणतो ती हीच. त्यावर औषध ओतून झाड परत येत नाही.

दुसरी गोष्ट मोरीच्या पाण्याचीच, पण वेगळी. न्हाणीच्या आणि धुण्याच्या पाण्यात साबण, सोडा, पावडर असते. त्यात सोडियमचे क्षार असतात. तेच ते पाणी एका जागी जिरत राहिले की माती चिकट आणि चोपण होते, वर पांढरट पापुद्रा येतो आणि पाणी खाली झिरपेनासे होते. म्हणजे आजींची शंका देवाची होती आणि माझे उत्तर शास्त्राचे होते, पण खरे ठरले ते त्यांचेच. मोरीचे पाणी आधी शोषखड्ड्यात घ्यावे, कडेला केळ, अळू, कर्दळ लावावी. ती ते पाणी पेलतात. गलांड्याला हवे तर भाजी-तांदूळ धुतलेले पाणी द्या, तेही जपून.

तिसरी गोष्ट युरिया. नत्र जास्त झाले की झाड पानात जाते, फुलात येत नाही. कोवळा पाला मावा-तुडतुड्यांना बोलावतो. आपल्या कपाशीत, वांग्यात हे आपण रोज बघतो, पण फुलझाडाला मात्र लाडाने चमचाभर जास्त टाकतो.

पुढचे वर्ष २०१८. पाऊस रुसला. त्या वर्षी ऑक्टोबरात राज्य सरकारने जे दुष्काळी तालुके जाहीर केले त्यात पारनेरही होते. आजींच्या वस्तीवर टँकरची वाट बघणे सुरू झाले. मी मार्चच्या सुमाराला दुसऱ्याच कामाने गेलो, तर घराच्या भिंतीलगत लाल-पिवळा पट्टा दिसला. घरकुलाच्या कामातून उरलेला मुरूम तिथे पडला होता. आदल्या वर्षीची वाळलेली झाडे आजींनी उपटून त्या ढिगावर फेकली होती. त्यावरच्या सुक्या बोंडांतले बी मुरमात पडले, पहिल्या सरीवर आपसूक उगवले, आणि ना खत, ना पाणी, ना साहेब, अशा अवस्थेत फुलत राहिले. मी विचारले, "आजी, पाणी किती घालता?" त्या म्हणाल्या, "कशाचं पाणी? प्यायाला नाही. भांडी विसळल्यालं तांब्याभर कधी टाकलं तर टाकलं."

त्या मुरमाच्या ढिगाने मला जे शिकवले, ते पुढे सांगतो. पारनेरच्या बाहेरच्या वाचकांनी आपल्या जमिनीप्रमाणे थोडा फरक करून घ्यावा.

जागा निवडताना आधी ऊन बघा. दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. लिंबाखाली, भिंतीच्या सावलीत गलांडा उंच होतो, वाकतो आणि पाच-सहा फुलांवर थांबतो. जमीन हलकी ते मध्यम चालते, मुरूममिश्रित असली तर उत्तमच. तुमची जमीन काळी, चिकण असेल तर लावायचाच नाही असे नाही, पण वीतभर उंच गादीवाफा करा आणि त्यात मुरूम किंवा जाड वाळूची दोन-चार घमेली मिसळा. जागा पारखायची साधी रीत आहे. हातभर खड्डा घ्या, बादलीभर पाणी ओता. तासाभरात जिरले तर जागा गलांड्याची. सकाळी ओतलेले पाणी दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत दिसत असेल, तर ती जागा अळूला द्या.

जात निवडायची तर दोन प्रकार लक्षात ठेवा. एकेरी फुलात मधे गडद बोंड आणि भोवती पाकळ्यांचा एकच घेर असतो. दुहेरी फूल पाकळ्यांनी गच्च भरलेले, चेंडूसारखे असते. हारासाठी बाजारात दुहेरी चालतो, कारण तो सुईत ओवला की जागा भरतो. दारापुढच्या शोभेला आणि मधमाश्यांना एकेरी चांगला. हे दोन्ही हंगामी प्रकार, एका हंगामात आयुष्य संपवणारे. बहुवर्षायू जातीची रोपे नर्सरीत कुंडीत मिळतात, ती दोन-तीन वर्षे टिकली तरी खूप झाले.

रोप करायला वेगळी नर्सरी नको. फुटके घमेले किंवा तेलाचा कापलेला डबा घ्या, बुडाला भोके पाडा. निम्मी चाळलेली माती, निम्मे कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरा. बोटाने ओळी ओढून बी पेरा. आणि इथे एक खूण लक्षात ठेवा, बी खोल दाबू नका. गलांड्याच्या बियाला उगवताना थोडा उजेड लागतो. वरून चिमटीने बारीक खत भुरभुरले, बी अर्धवट दिसत राहिले, तरी पुरे. पाणी झारीने नाहीतर हातानेच शिंपडा. आठ-दहा दिवसांत, कधी पंधरवड्यात उगवण होते. कोंबड्या असतील तर वरून काट्याची फांदी ठेवायला विसरू नका. माझ्या माहितीतल्या निम्म्या "बी उगवलंच नाही" या तक्रारींमागे कोंबडीच असते!

महिना-सव्वा महिन्यात रोपाला पाच-सहा पाने येतात. मग संध्याकाळी लागण करा. दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा. जवळ लावली की वारा खेळत नाही आणि थंडीत भुरी येते. लावण्याआधी चौरस मीटरला एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा. मिळाला तर शेणखतात ट्रायकोडर्मा कालवून आठ दिवस ओल्या पोत्याखाली ठेवा आणि मग वापरा, मरीला अटकाव होतो. कच्चे शेण मात्र कधीच नको. त्याने हुमणीही येते. रोप ज्या खोलीवर डब्यात होते त्याच खोलीवर लावा, बुडखा मातीत गाडू नका.

हंगामाचे म्हणाल तर आपल्याकडे गलांडा वर्षातून तिन्ही वेळा लावता येतो. दसरा-दिवाळी हवी असेल तर बी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायला हवे आणि लागण जुलैत. लागणीपासून अडीच-तीन महिन्यांत फुले जोरात येतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी आणि पुढच्या थंडीसाठी ऑगस्टमध्ये, आणि लग्नसराईसाठी हिवाळा संपतासंपता पेरा. घरच्यापुरते असेल तर थोडे थोडे बी महिना-दीड महिन्याच्या अंतराने टाकत राहिले की वर्षभर देवघर रिकामे राहत नाही.

लागणीनंतर पहिले पंधरा दिवस मात्र रोपाला जपा. दोन-तीन दिवसांनी हलके पाणी द्या. मुळे धरली की हात आखडता घ्यायचा. हलक्या जमिनीत उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, थंडीत आठ-दहा दिवसांनी, पावसाळ्यात पाऊसच पुरे. बोट दोन पेरे मातीत घाला. बोटाला ओल लागली तर तांब्या परत घरात न्या. इथे एक गोष्ट बायाबापड्यांना फसवते. दुपारच्या उन्हात पाने मान टाकतात, बघवत नाही, आणि कोणीतरी येता-जाता पाणी ओतते. झाड तेव्हा तहानलेले असतेच असे नाही, उन्हापुढे ते पान झुकवते. सकाळी उठून बघा. सकाळीही मान खाली असेल तरच पाणी. आणि माती ओली असून मान खाली असेल, तर मुळे कुजायला लागली आहेत. तेव्हा पाणी अजिबात नको, कडेने चर काढून द्या. पाणी नेहमी बुडाशी, फुलांवर नाही. फुलात पाणी अडले की दुहेरी जातीत ते आतून सडते.

महिन्याभराने मधला शेंडा नखाने खुडून टाका. हे सांगितले की चेहरे पडतात. उभे झाड, आणि त्याचे नाक कापायचे? पण एका शेंड्याच्या जागी चार-पाच फांद्या फुटतात, झाड बुटके, भरदार होते आणि वाऱ्याने पडत नाही. फूल आठवडाभर उशिरा येईल, पण पुढे त्याची भरपाई होते.

फुले लागली की खरे काम सुरू होते, आणि ते म्हणजे तोडणे. गलांडा तोडला तरच फुलतो. झाडाचा सगळा आटापिटा बी धरण्यासाठी असतो. पाकळ्या गळून मागे जे केसाळ गोल बोंड राहते, त्यात बी भरते. अशी वीस-पंचवीस बोंडे झाडावर राहिली की झाड समजते, आपले काम झाले, आणि कळ्या धरणे मंदावते. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी, दव उडून गेल्यावर सकाळी, पूर्ण उमललेली फुले देठासकट तोडा. वापरायची नसली तरी तोडा. सुकलेली बोंडे कात्रीने काढा. आजींच्या नातीला हे काम लावून दिले आहे. ती शाळेत जायच्या आधी परडी भरून तोडते.

तोडताना काहींच्या हाताला खाज सुटते, पुरळ येते. या झाडाच्या चिकात तसा गुण आहे. अशांनी लांब बाह्यांचा सदरा घालावा किंवा हाताला फडके गुंडाळावे, आणि तोच हात डोळ्याला लावू नये.

बहर ओसरला की झाड उपटायची घाई करू नका. जमिनीपासून वीतभर ठेवून वरचे सगळे छाटा, मूठ-दोन मूठ कुजलेले खत द्या आणि एक पाणी. झाड तगडे असेल तर महिन्या-दीड महिन्यात दुसरा बहर येतो. पहिल्याइतका नाही, पण येतो.

किडी-रोगांचे फार मोठे प्रस्थ यात नाही. मावा आला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहा, निम्मा तिथेच जातो. राहिला तर निंबोळी अर्क. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारा. भुरीला पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम पुरते, पण कडक उन्हात मारू नका, पाने करपतात. आणि फवारल्यावर चार-पाच दिवस ती फुले देवाला नाहीतर मुलांच्या हाती देऊ नका. एखाद्या झाडाची फुले हिरवी पडून पानासारखी वेडीवाकडी झाली तर ते झाड लगेच उपटून जाळा. तो रोग तुडतुडे पसरवतात, त्याला औषध नाही.

गेल्या वर्षी एका माध्यमिक शाळेतले गुरुजी पुण्याहून कोनफ्लॉवरच्या बियांचे पाकीट घेऊन आले. परदेशी बागांत ते फार लावतात. मधे उंचवट्यासारखे तपकिरी काटेरी बोंड, भोवती खाली झुकलेल्या जांभळट पाकळ्या. शास्त्रीय नाव एकिनेशिया. त्याची मुळे-पाने औषधातही वापरतात. मी गुरुजींना म्हटले, हा आपल्या गलांड्याचा भाऊबंद. दोघे सूर्यफुलाच्या कुळातले, दोघे अमेरिकेच्या माळावरचे. ऊन हवे, निचरा हवा, खत कमी हवे, सुकलेली फुले काढायला हवीत, हे सगळे दोघांना सारखेच. फरक एवढाच, की कोनफ्लॉवर बर्फाळ हिवाळ्यात वरून वाळून जमिनीत मुळांवर झोपणारे झाड आहे. त्याचे बी चांगले उगवायला आधी काही आठवडे ओलसर गारव्यात ठेवावे लागते. गुरुजींनी फ्रीजमध्ये ओल्या वाळूत महिनाभर ठेवले. सात-आठ रोपे आली, पण पावसाळ्यात काळ्या मातीत तीन सोडून सगळी कुजली. उरलेली तीन कुंडीत मुरूम घालून जगवली आहेत. हौस असेल त्याने कुंडीत जरूर करावे. ज्याला अंगण भरायचे आहे त्याने गलांडाच लावावा.

बियांचे आता सांगतो, कारण दुकानातल्या पाकिटापेक्षा घरचे बी या झाडात सहज होते. बहराच्या मध्यावर चांगल्या रंगाच्या, निरोगी, भरदार चार झाडांना चिंधी बांधा. त्यांची बोंडे झाडावरच पूर्ण वाळू द्या. हाताने चोळली की सुटतात तेव्हा काढा, सावलीत चार दिवस वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. पुडीवर रंग आणि महिना लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी येते. मधमाश्या एका रंगाचे पराग दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे लाल-पिवळे शेजारी लावले तर पुढच्या वर्षी मिसळ होते. एकच रंग हवा असेल तर परसात एकच रंग ठेवा. मधमाश्यांचा दुसरा फायदा शेजारच्या दोडका, कारल्याला होतो.

आता पैशाचे. हे लिहिल्यावर काही तरुण मला भेटून म्हणतील, "साहेब, एक एकर टाकू का?" त्यांना आत्ताच सांगतो, माझ्या या लेखावर एक एकर टाकू नका. २०२० साली गुढीपाडवा आणि देशभरची टाळेबंदी एकाच दिवशी, २५ मार्चला आली. पाडव्यासाठी तयार झालेली फुले रानात राहिली. देवळे बंद, लग्ने बंद, गाड्या बंद. आपल्याकडच्या फूलवाल्यांनी उभ्या गलांड्यात, झेंडूत रोटाव्हेटर फिरवला, मी स्वतः बांधावर उभा होतो. राज्यातली देवळे त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, तोवर हंगाम संपला होता. फुलाला ना गोदाम, ना हमीभाव. त्यात आता प्लॅस्टिकच्या माळांनी दारे-गाड्या सजतात, त्या वर्षानुवर्षे सुकत नाहीत. मोठ्या लागवडीला आधी बाजार, वाहतूक आणि रोजचा तोडणीचा माणूस बघावा लागतो. तो वेगळा विषय आहे.

परसातल्या पन्नास झाडांना तो धोका नाही. आजी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दोन परड्या एका हारवाल्या मावशींना देतात. त्यात मीठ-मिरची आणि नातीच्या वह्या सुटतात, यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. टाळेबंदीच्या काळात हारवाल्या मावशी येत नव्हत्या, तर आजींची फुले वस्तीवरच्या देवघरांत गेली. तोटा झाला नाही, कारण खर्चच नव्हता.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती आहे. कार्यालयापुढे, शाळेपुढे हिरवळ लावायचे अंदाजपत्रक अनेक गावांत दर दोन-तीन वर्षांनी होते. हिरवळ दोन महिने दिसते, मग पाण्यावाचून करपते आणि नुसते लोखंडी कुंपण उरते. त्याच मुरमाड पट्टीत गलांड्याचे बी टाका. पहिले पंधरा दिवस पाणी घालायला एक माणूस नेमा आणि सुकलेली फुले खुडायला शाळेची मुले. एका शाळेत मुख्याध्यापकांनी हे केले आहे, तिथे पोरे बोंडे मोजून आणतात आणि कोणाची किती यावरून भांडतात.

आजींना गेल्या आठवड्यात भेटलो. मुरमाचा ढीग आता राहिला नाही, त्यांनी तो पसरून दोन वाफे केले आहेत. कडेला दगड लावले आहेत. मोरीच्या जागेवर केळीचे दोन लोंगर लटकत होते. मला पाटावर बसवून त्यांनी विचारले, "यंदा कुठलं नवं काढलंय?" मी म्हटले, काही नाही, तुमच्याकडून बी न्यायला आलोय. त्यांनी देवघराच्या फळीवरून चार पुड्या काढून दिल्या. दोन लाल, दोन पिवळ्या. ज्यांना हवे असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी माझ्याकडून चिमूट-चिमूट घेऊन जावे. पुड्या संपल्या तर ऑगस्टच्या पेरणीसाठी नाव लिहून ठेवीन. आणि दसऱ्याला फुले हवी असतील तर पहिल्या पावसाची वाट बघत बसू नका, बी जूनच्या पहिल्या आठवड्यात घमेल्यात पडले पाहिजे.